ऑइल नवं टाकूनही दोन महिन्यांत गाडी जड पडते? आधी एअर फिल्टरचा डबा उघडा

होळी झाली की आमच्या परभणी जिल्ह्यातल्या मानवत-पाथरी भागात एकच तक्रार कानावर येते. ऑइल टाकून दोन महिने झाले नाहीत आणि गाडी पुन्हा जड पडली. चढाला दम धरत नाही, चौथ्या गिअरला उचलत नाही, साठचं अ‍ॅव्हरेज पन्नासच्या खाली आलं, इंजिनातून खडखड येते. माणूस गॅरेजला जातो, ऑइल बदलून घेतो, आठ-पंधरा दिवस गाडी मऊ चालते आणि मग परत तेच. असं करता करता एक दिवस सायलेन्सरमधून निळसर धूर निघायला लागतो. मग इंजिन खोलायचं, बोअर म्हणजे सिलिंडरची नळी, तिच्यातला पिस्टन आणि पिस्टनच्या रिंगा बदलायच्या, काही हजारांचा खर्च अंगावर घ्यायचा.

मी आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला, काही वर्षं गॅरेजात काढली, आता शेती करतो. पण गावातल्या गाड्या अजून दारात येतात. एवढ्या गाड्या हाताखालून गेल्यावर माझी खात्री झाली आहे की ऑइल लवकर मरतं ते बहुतेक वेळा ऑइल वाईट म्हणून नव्हे. धूळ वरून आत जाते म्हणून ते मरतं. आपण खालचा नट सोडून ऑइल बदलत राहतो आणि वरचा डबा वर्षानुवर्षं कुणी उघडतच नाही.

हे मला नीट कळलं ते आमच्या चुलत्यांच्या गाडीवरून. जुनी 100 सीसी गाडी, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन, सकाळ-संध्याकाळ डेअरीची खेप. त्या वर्षी वाटेवर रस्त्याचं काम चालू होतं. मुरूम-खडीचे टिप्पर दिवसभर धावायचे आणि घोट्याएवढा फुफाटा साचलेला असायचा. वर्षात चार वेळा ऑइल बदललं. दर वेळी जुनं ऑइल डांबरासारखं निघायचं, आणि निघायचंही निम्मंच. चुलते म्हणायचे, "बाबू, हे ऑइल जातंय कुठं? खाली तर एक थेंब दिसत नाही."

मी साइड पॅनल काढून एअर फिल्टरचा डबा उघडला. आत फोमची जाळी होती, ती एका कडेने फाटून आत गोळा झाली होती. कार्बोरेटरकडे (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या रबरी नळीत बोट फिरवलं तर बोटावर राखाडी पीठ आलं. तिथे तर धुळीचा कणसुद्धा दिसता कामा नये. आणि डब्याच्या तळाशी चमचाभर ऑइल साचलं होतं. आजार दोन होते, आणि एकाने दुसऱ्याला वाढवलं होतं.

धूळ आत गेली की काय होतं

इंजिन दर मिनिटाला हजारो वेळा हवा ओढतं. फिल्टर फाटका असेल किंवा डब्याचं झाकण नीट बसलेलं नसेल, तर त्या हवेबरोबर खडीची भुकटी थेट सिलिंडरमध्ये जाते. तिथे ती पिस्टनच्या रिंगा आणि बोअर यांच्या मध्ये पॉलिश पेपरसारखी घासते. रिंगा झिजल्या की जळालेला वायू रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल झपाट्याने काळं पडतं. वरून ऑइल जळण्याच्या खोलीत चढतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. लोक म्हणतात "गाडी ऑइल पिते", ते हेच. खाली थेंब दिसत नाही कारण ऑइल सायलेन्सरवाटे गेलेलं असतं. पातळी कमी झाली की उरलेलं ऑइल जास्त तापतं, पातळ पडतं, आणि झीज आणखी वाढते.

फिल्टर फाटका नसून नुसता चोंदलेला असेल तरी नुकसान आहेच. कार्बोरेटरच्या गाडीत हवा कमी आणि पेट्रोल जास्त असं मिश्रण जातं. प्लग काजळीने काळा होतो, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि न जळालेलं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. ऑइल पातळ होतं. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आहे, तिथे सेन्सर पेट्रोल बरंचसं जुळवून घेतात. त्यामुळे प्लग लवकर काळा होत नाही आणि चोंदलेला फिल्टर लक्षातच येत नाही. फक्त ताकद हळूहळू कमी होत जाते.

आता डब्याच्या तळाशी ऑइल कुठून आलं? चुलत्यांनी सांगितलं, "दुकानदार म्हणाला पूर्ण बाटली घाला. पैसे दिलेत तर उरवायचं कशाला?" इथेच गोम आहे. ड्रेन नट सोडल्यावर सगळं ऑइल निघत नाही. थोडं क्लचच्या बाजूला, कोपऱ्या-कपारीत राहतंच. त्यावर पूर्ण बाटली ओतली की पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते. फिरणारे भाग ते ऑइल घुसळतात, फेस होतो, आणि इंजिनाची वाफ बाहेर सोडणारी जी बारीक नळी असते तिच्यातून ऑइल वर चढतं. बहुतेक गाड्यांत ही नळी एअर फिल्टरच्या डब्यातच जोडलेली असते. फिल्टर ऑइलने भिजतो, भिजलेल्या फिल्टरला धुळीचा गिलावा बसतो, हवा अडते. ऑइल कमी पडलं तर गाडी मरते हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त झालं तरी मरते हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

म्हणून नवशिक्याने नट सोडायच्या आधी फिल्टर बघावा.

एअर फिल्टर: कोणता आहे ते ओळखा, मगच हात लावा

सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत काळा प्लास्टिकचा डबा असतो. झाकणाचे स्क्रू काढा. कोणता स्क्रू कुठला हे विसरायला होतं, म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. झाकणाभोवती रबराची पट्टी असते. ती तुटलेली किंवा निसटलेली असेल तर नवा फिल्टर टाकूनही उपयोग नाही, धूळ फटीतून जाणार.

फिल्टर काढायच्या आधी डब्याच्या बाहेरची माती ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर काढताना तीच आत पडते. मग पांढरं फडकं बोटाला गुंडाळून कार्बोरेटरकडच्या बाजूला आतून फिरवा. फडकं स्वच्छ आलं तर फिल्टर काम करतोय. कण आले तर फिल्टर बदला आणि फट शोधा.

फिल्टर साधारण तीन जातींचे. जुन्या गाड्यांत फोमचा असतो. तो धुता येतो, पण पेट्रोलने धुऊ नका. आग लागायची भीती असते आणि फोमही कुजतो. साबणाच्या कोमट पाण्यात दाबून-दाबून धुवा, पिळू नका, पिळला की फाटतो. सावलीत पूर्ण वाळू द्या. मग थोडं स्वच्छ इंजिन ऑइल लावून दोन्ही तळव्यांमध्ये दाबून जास्तीचं काढून टाका. कोरडा फोम बारीक धूळ अडवत नाही, ती ऑइललाच चिकटते. ही शेवटची पायरी गाळणारे खूप आहेत, आणि त्यांच्याच गाड्या लवकर धूर मारतात.

दुसरा कोरड्या कागदाचा. तो हळूच आपटून झटकता येतो, कमी दाबाची हवा आतून बाहेर मारता येते. पाण्यात घालायचा नाही.

तिसरा, आणि आता बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांत येतो तो, ऑइलने भिजवलेल्या कागदाचा. हात लावला तर चिकट लागतो, रंग थोडा पिवळट-तपकिरी किंवा लालसर. याला कॉम्प्रेसरची हवा मारायचीच नाही. हवा मारली की चिकटपणा जातो, कागदाची छिद्रं रुंद होतात, फिल्टर दिसायला स्वच्छ आणि कामाला निकामी. गॅरेजात पंक्चरवाल्याच्या हवेने असे फिल्टर फुंकताना मी रोज पाहिले आहेत. तो धुवायचा नाही, फुंकायचा नाही, खराब झाला की बदलायचा. इंजिनाच्या कामापुढे या फिल्टरचा खर्च काहीच नाही.

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं किलोमीटरचं अंतर बऱ्या रस्त्यासाठी असतं, आणि धुळीच्या भागात लवकर बदला असं त्याच पुस्तकात म्हटलेलं असतं. आपल्याकडे फाल्गुन ते मृगापर्यंत फुफाटा, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या मळणीचं भुसकट, पुढे कापसाची तूस आणि उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ. मी तर सांगेन, महिन्यातून एकदा डबा उघडून नुसतं बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि कुणी "जाळीच काढून टाका, पिकअप वाढतं" असं सांगितलं तर ऐकू नका. चार दिवस वाढतं, नंतर इंजिन जातं.

डब्याच्या खाली बुच लावलेली एक छोटी नळी लोंबते. तिच्यात पाणी आणि ऑइल साचतं. बुच काढून ती रिकामी करा. दर वेळी तिच्यातून ऑइलच निघत असेल तर समजा, इंजिनात ऑइल जास्त ओतलेलं आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत.

पातळी बघताना होणारी चूक

गाडी साइड स्टँडवर तिरकी उभी करून ऑइलची दांडी (ऑइल ओतायच्या झाकणाला जोडलेली मापाची पट्टी) बघितली तर आकडा खोटाच येणार. सपाट जागा, मेन स्टँड. इंजिन तीन ते पाच मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे ऑइल खाली उतरतं. दांडी काढून पुसा. हिरो आणि होंडाच्या लहान गाड्यांत दांडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून घट्ट केली तर ती खोल जाते आणि ऑइल आहे त्याहून जास्त दिसतं. ज्यांच्या इंजिनाला गोल काच आहे त्यांनी गाडी सरळ धरून दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे का पाहावं. पंधरा दिवसांतून एकदा हे पाहिलं तर निम्म्या ऑइलवर गाडी चालवायची वेळ येत नाही.

ऑइल कोणतं घालायचं

हे थोडक्यात सांगतो, कारण उत्तर तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे. हिरो आणि होंडाच्या लहान गाड्यांना बहुतेक 10डब्ल्यू-30 (हा ऑइलच्या जाडीचा नंबर) लागतं, बजाजच्या बऱ्याच गाड्यांना 20डब्ल्यू-50. उन्हाळा कडक आहे म्हणून आपल्या मनाने जाड ऑइल घालू नका, बारीक वाटांनी ते वेळेवर वर पोचत नाही. बाटलीवर "जासो एमए" किंवा "एमए2" लिहिलेलं हवं, ही मोटारसायकलच्या ऑइलची खूण. मोटारसायकलचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवणारे पदार्थ असू शकतात, त्यामुळे क्लच प्लेटा घसरतात आणि रेस वाढवली तरी गाडी पुढे सरकत नाही. सुटं ऑइल घेऊ नका. बाटलीचं सील पाहून घ्या.

ऑइल बदलणं

गाडी तीन-चार मिनिटं चालू करून कोमट करा. कोमट ऑइल गाळ घेऊन निघतं. लांबून आला असाल तर अर्धा तास थांबा, तापलेलं ऑइल हात भाजतं.

मेन स्टँडवर गाडी, खाली जुनं घमेलं किंवा कापलेला डबा. वरची दांडी आधी काढा, म्हणजे हवा मिळून ऑइल नीट वाहतं. इंजिनाच्या पोटाशी ड्रेन नट असतो, बऱ्याच 100 सीसी गाड्यांना 17 नंबरचा पाना बसतो. रिंग पाना किंवा बॉक्स पाना घ्या, उघड्या तोंडाचा नको, त्याने नटाचे कोपरे गोल होतात. नट खालून तोंड वर करून असतो, त्यामुळे नवशिक्याची दिशा चुकते. मान खाली घालून नटाकडे सरळ बघा आणि घड्याळाच्या उलट फिरवा. शेवटचे आटे हाताने काढा, नट घमेल्यात पडू देऊ नका.

दहा मिनिटं निथळू द्या. चावी बंद ठेवून चार-पाच हलक्या किका मारा, अडकलेलं ऑइल निघतं. आतून साफ करायला रॉकेल किंवा डिझेल ओतायची पद्धत काही ठिकाणी आहे. मी ती सोडून दिली. ते पूर्ण निघत नाही आणि नवं ऑइल पातळ करतं.

आता नट बसवायचा, आणि इथे घाई करू नका. इंजिनाचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं, नट लोखंडाचा. नट तिरका लागला किंवा पान्याला पाइप लावून आवळला तर आटे कवचाचे जातात. मग दर खेपेला थेंब-थेंब गळती, आणि "ऑइल कमी का होतं" या प्रश्नाचं आणखी एक उत्तर तयार होतं. वायसर (नटाखालची चकती) नवा टाका. नट बोटांनी फिरवत शेवटपर्यंत न्या. बोटांनी जात नसेल तर उलटा काढून पुन्हा लावा. टेकल्यावर पान्याने थोडं आवळा, मनगटाच्या जोरावर, खांद्याच्या नाही.

नरसाळं कोरडं आणि स्वच्छ घ्या. 100 सीसी गाडीला बदलताना साधारण पाऊण ते एक लिटर लागतं, नेमका आकडा पुस्तकात असतो. सांगितलेल्यापेक्षा शंभर-दीडशे मिली कमी ओता, गाडी तीन मिनिटं चालवा, बंद करून पातळी बघा, मग लागेल तेवढं थोडं-थोडं घाला. वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. बाटलीत उरलं तर ते बुच घट्ट करून ठेवा, पुढे टॉपअपला तेच कामी येतं. शेवटी नटाभोवती कोरडं फडकं फिरवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

ऑइलचा फिल्टर

बुलेट आणि 150 सीसीच्या पुढच्या अनेक गाड्यांत कागदी ऑइल फिल्टर असतो, छोट्या झाकणाच्या आत. तो पुस्तकात सांगितलेल्या वेळी बदला, झाकणाची रबरी रिंग नवी टाका, आणि फिल्टरची कोणती बाजू आत होती ते काढतानाच पाहून ठेवा. उलटा बसला तर ऑइलची वाट अडते.

100 सीसीच्या जुन्या धाटणीच्या गाड्यांत कागदी फिल्टर नसतोच. तिथे क्लच कव्हरच्या आत गोल फिरणारी वाटी असते. दुधाची साय वेगळी काढायच्या मशीनसारखंच तिचं काम. फिरण्याच्या जोराने जड कचरा भिंतीला चिकटतो. खालच्या बाजूला तारेची जाळीही असते. वर्षानुवर्षं ही वाटी कुणी साफ करत नाही आणि आत काळ्या मलमासारखा थर साचतो. ऑइल लवकर काळं पडायचं हेही एक कारण. पण हे काम नवशिक्याने घरी करू नये, क्लच कव्हर आणि त्याचं पॅकिंग काढावं लागतं. मेकॅनिकला आठवणीने सांगा, "भाऊ, वाटी आणि जाळी साफ करा," आणि समोर उभे राहा.

जुनं ऑइल वाचा

निघालेलं ऑइल लगेच टाकून देऊ नका. नुसतं काळं असेल तर घाबरायचं कारण नाही, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. दोन बोटांत चोळून बघा. वाळूसारखं खरखरलं तर धूळ जातेय, फिल्टरकडे परत जा. दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. जोराच्या फवाऱ्याने धुतलेल्या किंवा पावसाळ्यात ओढ्यातून काढलेल्या गाडीत हे होतं. पातळी वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर कार्बोरेटरची सुई गळतेय, ती बदला आणि रात्री पेट्रोलचा कॉक बंद करत जा. चकाकणारे धातूचे कण हाताला दिसले तर गाडी चालवणं थांबवून मेकॅनिकला दाखवा.

आणि मोजा. किती घातलं होतं, किती निघालं. फिल्टर चांगला, नट कोरडा, तरी हजार किलोमीटरला पातळी खालच्या खुणेपर्यंत येत असेल तर प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, ऑइलने ओला काळा असेल तर रिंगा किंवा व्हॉल्वचं सील गेलंय. तेव्हा ऑइलवर पैसे घालवू नका, इंजिनाचंच काम करून घ्या.

जुनं ऑइल शेतात, नालीत, विहिरीजवळ ओतू नका. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल मोडतं, आणि आपल्याकडे तर पाण्याचा प्रत्येक घोट मोलाचा. बुचाच्या कॅनमध्ये साठवा, जुनं ऑइल विकत घेणाऱ्याला द्या. चेनलाही लावू नका, त्यातली भुकटी चेन आणि चकऱ्या खाते. चेनला 90 नंबरचं गिअर ऑइल लावा.

चुलत्यांच्या गाडीत नवा फोम ऑइल लावून बसवला, डब्याची पट्टी बदलली, मेकॅनिककडून वाटी साफ करून घेतली, आणि बाटली बाजूला ठेवून दांडीवर मोजून ऑइल घातलं. रिंगा थोड्या झिजल्या होत्या, त्या काही परत आल्या नाहीत. महिन्याला थोडं टॉपअप लागायचंच. पण जिथे दोन महिन्यांत गाडी बसायची तिथे पुढचा सगळा उन्हाळा कॅन वाहून नेल्या. आता पंधरा दिवसांनी ते स्वतःच दांडी काढून धोतराच्या सोग्याला पुसतात, उजेडाला धरतात, आणि मला हाक मारतात, "बाबू, मधोमध आहे रे."